यकृताच्या कर्करोगातील प्रतवारी आणि जनुकीय बदल

यकृतपेशींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगाची प्रत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रूपावरून ठरविली जाते. त्याच अर्बुदातील जनुकीय बदलांची नोंद मात्र डीएनएच्या रेणूवरून घेतली जाते. एकाच वस्तूची ही दोन वर्णने परस्परांशी कितपत जुळतात, हा प्रश्न गेली तीस-पस्तीस वर्षे अभ्यासकांपुढे आहे. वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. बदल जितके अधिक, तितकी पेशी अधिक बिघडलेली आणि तितकी प्रत अधिक वाईट, असे कोणीही सहज म्हणेल. हे उत्तर सर्वस्वी चुकीचे नाही. तथापि त्यात भिन्न स्वरूपाचे काही संबंध एकाच दोरीत गुंफले गेले आहेत आणि ते सुटे केल्यावाचून कोणत्याही आकडेवारीचा नीट अर्थ लागत नाही. ते सुटे करून पाहणे, हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रश्न केवळ पुस्तकी नाही. यकृतरोपणासाठी रुग्णाची निवड करताना १९९६ साली मिलान येथे घालून दिलेली मर्यादा जगभर प्रमाण मानली गेली: एकच गाठ असल्यास ती ५ सेंटिमीटरपर्यंत, अनेक असल्यास तीनपर्यंत आणि प्रत्येकी ३ सेंटिमीटरच्या आत. पुढे टोरांटो येथील रोपणकेंद्राने आकार व संख्या यांची अट सैल केली, आणि तिच्या जागी इतर अटींबरोबर एक निराळी अट घातली: सुईने काढलेल्या तुकड्यात अर्बुद अल्पविभेदित दिसता कामा नये. म्हणजे मोठी गाठ असलेल्या माणसाला नवे यकृत मिळावे की नाही, हे तेथे काही अंशी प्रतीवरून ठरते. एवढा भार ज्या शब्दावर टाकला जातो, तो शब्द नेमके काय सांगतो, हे आधी पाहणे अगत्याचे आहे.

मराठीत ‘प्रतवारी’ हा शब्द बाजारातून आला आहे. कापसाची, गुळाची, तंबाखूची प्रतवारी होते, आणि तेथे ‘उच्च प्रतीचा माल’ म्हणजे उत्तम माल. वैद्यकात याच्या अगदी उलट आहे. इंग्रजीत ज्याला ‘हाय ग्रेड’ म्हणतात, ते अर्बुद सर्वांत घातक असते. त्याचे ‘उच्च प्रतीचे अर्बुद’ असे शब्दशः भाषांतर केल्यास वाचकाच्या मनात विपरीत अर्थ उभा राहतो, आणि अशी भाषांतरे छापील मजकुरात विरळ नाहीत. म्हणून पहिली, दुसरी, तिसरी, चौथी प्रत असे क्रमांक वापरणे, किंवा सुविभेदित, मध्यम विभेदित व अल्पविभेदित असे म्हणणे श्रेयस्कर. विभेदन म्हणजे पेशीने आपला विशिष्ट व्यवसाय अंगी बाणविणे. यकृतपेशी पित्त तयार करते, अल्ब्युमिन तयार करते, एकपदरी वा दोनपदरी ओळींत उभी राहते. अर्बुदातील पेशींनी हा व्यवसाय किती राखला आहे, त्याचे माप म्हणजे प्रत. ‘अवस्था’ ही संज्ञा हिच्याहून वेगळी आहे. गाठ किती मोठी झाली, रक्तवाहिन्यांत शिरली काय, अन्यत्र पसरली काय, यांचा हिशेब अवस्थेत येतो. प्रत हे रूपाचे वर्णन आहे, अवस्था हे विस्ताराचे. दोहोंची गल्लत बोलण्यात वारंवार होते.

रूपावरून प्रत लावण्याची कल्पना अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील ॲल्बर्ट ब्रॉडर्स यांनी १९२० साली ओठाच्या कर्करोगासंबंधी मांडली. यकृतापुरती जी पद्धत रूढ झाली ती एडमंडसन व स्टायनर यांची, १९५४ सालची. त्यांनी ४८,९०० शवविच्छेदनांतून आढळलेल्या १०० अर्बुदांचा अभ्यास करून चार प्रती निश्चित केल्या. दुसऱ्या प्रतीतील पेशी निरोगी यकृतपेशीसारख्या दिसतात, पण त्यांची केंद्रके मोठी व अधिक गडद असतात. पेशींच्या वेढ्यांत मधूनमधून पित्त साठलेले असते. तिसरीत केंद्रके आणखी फुगतात आणि राक्षसी पेशी विपुल दिसतात. चौथीत केंद्रकाने पेशीचा बहुतेक भाग व्यापलेला असतो, ओळी मोडलेल्या असतात आणि पेशींचा परस्परांना धरून राहण्याचा गुणही ओसरलेला असतो. पहिली प्रत मोठी मौजेची आहे. निरोगी पेशींशी तिचे साम्य इतके असते की, शेजारी दुसऱ्या प्रतीचा भाग दिसला नसता तर तिला कर्करोग म्हणण्याचे धाडस झाले नसते, असे तिचे स्वरूप. म्हणजे एका भागाचे निदान दुसऱ्या भागाच्या साक्षीने करावयाचे.

या पद्धतीचा उगम शवविच्छेदनात आहे, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. तेथे पाहिलेली अर्बुदे बहुतांशी वाढीच्या शेवटच्या टोकाला पोहोचलेली होती. एक-दीड सेंटिमीटरची गाठ जिवंत माणसात सापडू लागली ती सोनोग्राफीचा प्रसार झाल्यानंतर, आणि तिचा बारकाईने अभ्यास झाला तो मुख्यतः जपानात. आजही विकृतिशास्त्रज्ञ तीन पायऱ्यांची किंवा चार पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. पायऱ्यांमधील सीमारेषा डोळ्यांनी ठरविलेल्या असतात आणि एकाच काचपट्टीवर दोन तज्ज्ञांचे मतभेदही होतात. एका बाजूला अशी काहीशी ढिली मोजपट्टी आणि दुसऱ्या बाजूला रेणूची काटेकोर मोजदाद, अशी ही जोडी आहे, हे पुढील विवेचनात ध्यानी ठेवावयास हवे.

जनुकीय बदलांचे येथे दोन प्रकार विचारात घेणे पुरे. एका प्रकारात डीएनएतील एखादेच अक्षर पालटते. दुसऱ्या प्रकारात गुणसूत्राचा एक संपूर्ण बाहू नाहीसा होतो किंवा त्याच्या जादा प्रती निर्माण होतात. गुणसूत्राच्या आखूड बाहूस ‘पी’ म्हणतात, ‘लहान’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दाच्या आद्याक्षरावरून; लांब बाहूस ‘क्यू’ म्हणतात, त्याला मात्र वर्णमालेतील पुढचे अक्षर यापलीकडे आधार नाही. १९९२ साली तुलनात्मक जनुकसंच-संकरण ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि बाहूंचा हिशेब एकाच प्रयोगात मांडता येऊ लागला. अर्बुदाचा डीएनए एका रंगाने व निरोगी डीएनए दुसऱ्या रंगाने चिन्हांकित करून दोन्ही सारख्या प्रमाणात निरोगी गुणसूत्रांवर सोडावयाचे. जेथे पहिला रंग गडद तेथे लाभ, जेथे फिका तेथे ऱ्हास. पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. अक्षराचा पालट तिला दिसत नाही, लहान तुकड्याचा ऱ्हास दिसत नाही, आणि दोन गुणसूत्रांनी तुकड्यांची समसमान अदलाबदल केली तर तीही दिसत नाही.

या पद्धतीने तपासलेल्या यकृतार्बुदांची आकडेवारी मोइनझादेह व त्यांचे सहकारी यांनी २००५ साली एकत्रित केली. एकूण ७८५ अर्बुदे त्यांच्या हिशेबात आली. १ क्यू या बाहूचा लाभ ५७.१ टक्के अर्बुदांत, ८ क्यूचा ४६.६ टक्क्यांत होता. ऱ्हासांपैकी ८ पी ३८ टक्के, १६ क्यू ३५.९, ४ क्यू ३४.३, १७ पी ३२.१ आणि १३ क्यू २६.२ टक्के. प्रतीच्या दृष्टीने पाहता यांतील दोनच बाहू ठळकपणे पुढे आले: अल्पविभेदित अर्बुदांत १३ क्यू आणि ४ क्यू यांचा ऱ्हास लक्षणीय प्रमाणात अधिक होता. १३ क्यूवर आरबी १ हे पेशीविभाजनाला लगाम घालणारे जनुक आहे, त्यामुळे त्याचा ऱ्हास समजण्याजोगा आहे. ४ क्यूवर अल्ब्युमिनचे व आल्फा-फीटोप्रोटीनचे जनुक आहे. परंतु व्यवसायाचे एखादे साधन गमावल्यामुळेच पेशी व्यवसाय विसरली, असा सुलभ निष्कर्ष येथे काढू नये. बाहू नाहीसा झाला तरी जोडीतील दुसरे गुणसूत्र शिल्लक असते.

सर्वाधिक आढळणारा जो १ क्यूचा लाभ, तो प्रतीशी नव्हे, तर इतर सर्व नित्य आढळणाऱ्या बदलांशी निगडित निघाला. अर्बुदात अन्य कोणताही प्रमुख बदल असला की बहुधा १ क्यूही वाढलेला. असे सर्वत्र आढळणारे लक्षण पुरातन असण्याचा संभव अधिक, आणि जे सर्वत्र आहे ते भेद दाखविण्यास निरुपयोगी. उलट १३ क्यू हा बदल एकूण अर्बुदांच्या केवळ चतुर्थांशात आढळतो, पण प्रतीविषयी तोच बोलतो. वारंवारता आणि भेददर्शकता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे शब्दसंख्याशास्त्राच्या अभ्यासकांस नव्याने सांगावयास नको.

याच आकडेवारीत एक अडचण दडलेली आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. हेपटायटिस-बी विषाणूमुळे उद्भवलेल्या अर्बुदांत कोणते ऱ्हास अधिक, याचीही यादी त्याच लेखात आहे. तीत ४ क्यू, १६ क्यू, १३ क्यू आणि ८ पी हे बाहू येतात. म्हणजे प्रतीशी संबंधित म्हणून जे दोन बाहू निवडले गेले, तेच दोन्ही रोगकारणाशी संबंधित म्हणूनही निवडले गेले आहेत. मग ४ क्यूचा ऱ्हास प्रतीची खूण समजावयाची की विषाणूची? विषाणूजन्य अर्बुदेच अधिक अल्पविभेदित असतील, तर प्रतीचा संबंध ही विषाणूच्या संबंधाची केवळ सावली ठरेल. दोन्ही संबंध स्वतंत्रपणे खरे असणेही अशक्य नाही. निर्णय करावयाचा तर एकाच कारणाने झालेल्या अर्बुदांच्या आत प्रतीची तुलना केली पाहिजे. आपली पाहणी शोधक स्वरूपाची आहे, असे लेखकांनी शीर्षकातच म्हटले आहे. ती सावधगिरी उद्धृत करणाऱ्यांकडून मात्र बरेचदा गळून पडते.

आता अक्षरबदलांकडे वळता येईल. यांत पहिला मान टर्ट या जनुकाच्या नियंत्रक भागातील बदलाचा. गुणसूत्राची टोके प्रत्येक विभाजनागणिक झिजतात. ती झीज भरून काढणारे विकर टर्टपासून बनते, आणि प्रौढ यकृतपेशीत ते जनुक जवळजवळ मिटलेले असते. सिऱ्होसिसमध्ये यकृत पुनःपुन्हा मरते व पुनःपुन्हा वाढते, टोके आखूड होत जातात, आणि एका मर्यादेनंतर विभाजन थांबते. जनुकाच्या आरंभापूर्वी १२४ व्या किंवा १४६ व्या स्थानी एका ‘सी’ चा ‘टी’ झाला की तेथे नियंत्रक प्रथिनाला बसण्यास नवी जागा तयार होते आणि मिटलेले जनुक उघडते. यकृतपेशींच्या कर्करोगात हा सर्वांत नित्य आढळणारा अक्षरबदल होय. फ्रान्समधील नो व सहकाऱ्यांनी २०१४ साली सिऱ्होसिसमधील गाठी पायरीपायरीने तपासल्या. सौम्य दुर्विकसित गाठींपैकी ६ टक्क्यांत, तीव्र दुर्विकसित गाठींपैकी १९ टक्क्यांत, आणि नुकताच कर्करोग झालेल्या गाठींपैकी ६१ टक्क्यांत हा बदल त्यांना आढळला. ही उडी पाहण्यासारखी आहे. कर्करोगाचा उंबरठा ओलांडतानाच हा बदल घडतो, आणि त्या वेळी अर्बुद जवळजवळ नेहमीच सुविभेदित असते. बदल झाला आहे, कर्करोगही झाला आहे, पण रूप अद्याप पालटलेले नाही. ‘बदल जितके महत्त्वाचे, तितकी प्रत वाईट’ हे सूत्र येथे पहिल्याच पायरीवर अडखळते.

यानंतरचे दोन बदल एकत्रच पाहावे लागतात, कारण ते एकाच अर्बुदात सहसा आढळत नाहीत. एक सीटीएनएनबी १ या जनुकातील, ज्यापासून बीटा-कॅटेनिन हे प्रथिन बनते. दुसरा टीपी ५३ मधील. काल्देरारो व सहकाऱ्यांनी २०१७ साली शस्त्रक्रियेने काढलेली ३४३ अर्बुदे एकाच वेळी सूक्ष्मदर्शकाखाली व जनुकीय दृष्टीने तपासली, तेव्हा चित्र स्वच्छ झाले. बीटा-कॅटेनिन बदललेली अर्बुदे आकाराने मोठी पण सुविभेदित होती. बारीक ओळींची व ग्रंथीसारख्या पोकळ्यांची रचना, आत साठलेले पित्त, आणि दाहपेशींचा अभाव ही त्यांची लक्षणे. टीपी ५३ बदललेली अर्बुदे अल्पविभेदित, घट्ट गठ्ठ्यांची, बहुकेंद्रकी व ओबडधोबड पेशींची होती, आणि रक्तवाहिन्यांत शिरण्याची त्यांची प्रवृत्ती दांडगी होती.

हा भेद का पडावा, याचे उत्तर दोन्ही जनुकांच्या कामात आहे. निरोगी यकृतात बीटा-कॅटेनिनचे एक ठरलेले कार्य असते. मध्यवर्ती नीलेभोवतीच्या पेशींना त्यांचा विशिष्ट व्यवसाय, उदाहरणार्थ ग्लुटामिन तयार करणे, हे प्रथिन नेमून देते. एरवी त्यातील ठराविक सेरीन व थ्रिओनीन या घटकांवर फॉस्फेटची खूण उमटते आणि खूण झालेले प्रथिन नष्ट केले जाते. अक्षरबदलामुळे खूण उमटण्याची जागाच नाहीशी होते. प्रथिन साचते, केंद्रकात शिरते आणि मध्यवर्ती नीलेभोवतीचा व्यवसाय अहोरात्र चालू राहतो. येथे यकृतपेशीचा स्वधर्म मोडलेला नाही, त्याचाच एक भाग मर्यादेबाहेर वाढला आहे. पेशी पित्तही तयार करते, पण ते वाहून नेणाऱ्या नलिका अर्बुदात नसल्याने ते आतच साठते आणि कापलेली गाठ डोळ्यांनाही हिरवट दिसते. सुविभेदितपणा हा येथे जनुकीय बदलाच्या अभावाचा पुरावा नसून त्या विशिष्ट बदलाचाच परिणाम आहे.

टीपी ५३ चे काम पहारेकऱ्याचे. डीएनएला इजा झाली असता विभाजन थांबविणे, किंवा इजा फार असल्यास पेशीला मरणाकडे नेणे, हे त्याचे कर्तव्य. पहारा उठला की गुणसूत्रांची वाटणी फसलेल्या पेशीही जगतात व विभागतात. केंद्रकात डीएनएचा साठा वाढतो, आणि केंद्रक फुगलेले व गडद दिसते. एडमंडसन व स्टायनर यांनी १९५४ साली तिसऱ्या प्रतीची लक्षणे म्हणून जी नोंदविली, ती बऱ्याच अंशी या वाढलेल्या साठ्याचीच छाया होती. डीएनएची दुहेरी मळसूत्राकार रचना तेव्हा नुकतीच एका वर्षापूर्वी प्रसिद्ध झाली होती. त्यांच्या डोळ्यांनी गुणसूत्रांचा गोंधळ पाहिला होता, त्याला नाव मात्र पुढे मिळाले.

याच जनुकाच्या २४९ व्या त्र्यक्षरीतील बदल अभ्यासकांना विशेष परिचित आहे. बुरशी लागलेल्या धान्यातील व शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष ‘जी’ या अक्षराला चिकटते आणि तेथे ‘टी’ येते; ए-जी-जी ही त्र्यक्षरी ए-जी-टी होते आणि आर्जिनीनच्या जागी सेरीन बसते. चीनमधील चिदोंग परिसरातील व दक्षिण आफ्रिकेतील अर्बुदांत १९९१ साली दोन स्वतंत्र गटांनी हाच बदल दाखविला. एका अक्षरावरून रुग्णाच्या आहाराचा इतिहास वाचता यावा, अशी उदाहरणे कर्करोगशास्त्रात मोजकीच आहेत. या ठिकाणीही कारण, बदल आणि प्रत हे तिन्ही धागे एकमेकांत अडकलेले आहेत, हे वरील विषाणूच्या उदाहरणाप्रमाणेच ध्यानी घ्यावे.

बीटा-कॅटेनिनच्या मार्गावरीलच दुसरे एक जनुक ॲक्सिन १ हे होय. कागदावरील आकृतीत ते बिघडल्यानेही बीटा-कॅटेनिन साचले पाहिजे आणि तसेच सुविभेदित, हिरवट अर्बुद तयार झाले पाहिजे. प्रत्यक्षात तसे होत नाही. ॲक्सिन १ बदललेल्या अर्बुदांत ग्लुटामिन तयार करणारे विकर त्या प्रमाणात वाढलेले दिसत नाही, आणि त्यांचा जनुकव्यवहारही निराळ्या गटात मोडतो. आकृतीवरून रूपाचे भाकीत करणाऱ्यांनी हे उदाहरण पुनःपुन्हा वाचावे.

सुविभेदित म्हणजे सौम्य, असा समजही येथे तपासून घ्यावा लागतो. यकृतपेशींच्या निरुपद्रवी गाठींपैकी ज्यांत बीटा-कॅटेनिनचा बदल असतो, त्यांचाच कर्करोगात पालट होण्याचा धोका अधिक. रूप अत्यंत शहाण्यासारखे, आणि वर्तनाचा भरवसा नाही. तंतुपट्टमय कर्करोग नावाचा जो प्रकार मुख्यतः तरुणांत व सिऱ्होसिस नसलेल्या यकृतात आढळतो, त्याच्यापुढे तर प्रतवारी हतबल होते. त्यातील पेशी मोठ्या, केंद्रके ठळक, म्हणजे एका अंगाने तिसऱ्या प्रतीच्या. पण अंतर्भाग विपुल व गुलाबी, म्हणजे दुसऱ्या अंगाने निराळ्याच. २०१४ साली असे दिसून आले की, १९ व्या गुणसूत्रातील सुमारे ४ लाख अक्षरांचा तुकडा गळून डीएनएजेबी १ आणि पीआरकेएसीए ही दोन जनुके एकमेकांना जोडली जातात, आणि तपासलेल्या प्रत्येक तंतुपट्टमय अर्बुदात हा जोड होता. एक बदल, एक रूप. त्याला क्रमांक देण्याचा अट्टाहास सोडणेच बरे.

येथवर अर्बुदा-अर्बुदांची परस्परांशी तुलना झाली. तथापि प्रत एकाच अर्बुदातही पालटते. कुरुमे विद्यापीठातील मासामिची कोजिरो व अन्य जपानी विकृतिशास्त्रज्ञांनी लहान गाठींचे वर्णन करताना ‘गाठीत गाठ’ असे दृश्य नोंदविले आहे. बाहेर सुविभेदित पेशींचे कडे, आणि आत अल्पविभेदित पेशींचा, झपाट्याने वाढणारा गोळा. सुरुवातीची सुविभेदित गाठ प्रवेशिका नीलेच्या रक्तावर काही अंशी पोसलेली असते. आतील गोळा नव्या रोहिणींवर पोसतो. काळ जाईल तसा आतील गोळा बाहेरचे कडे खाऊन टाकतो, आणि मोठ्या अर्बुदात सुविभेदित आरंभाची खूणही उरत नाही. एडमंडसन व स्टायनर यांना शवविच्छेदनात जे दिसले, ते बहुतांशी हे भोजन आटोपल्यानंतरचे दृश्य होते.

कड्यातील आणि गोळ्यातील डीएनए स्वतंत्रपणे वाचून तुलना करण्याची रीत पाठचिकित्सेची आठवण करून देते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीशी परिचय असलेल्यांना तिचे तत्त्व ठाऊक आहे: दोन शाखांतील पोथ्यांत जो पाठ समान, तो शाखा फुटण्यापूर्वीचा, जो एकाच शाखेत, तो नंतरचा. पेशींच्या बाबतीत हे तत्त्व अधिकच बळकट ठरते, कारण पोथ्यांप्रमाणे पेशी परस्परांचे पाठ उसने घेत नाहीत, आणि दोन्ही प्रतींतून पूर्णपणे गळालेला तुकडा कोणत्याही वंशजाला परत मिळत नाही. मात्र दोन बोलींत एकच ध्वनिबदल स्वतंत्रपणे घडावा, तसा एकच बाहू दोन शाखांत वेगवेगळ्या वेळी गळण्याचा संभव असतो; तेवढी काळजी घ्यावी लागते.

या रीतीने पाहिले असता टर्ट, टीपी ५३ व सीटीएनएनबी १ यांतील बदल बहुधा वृक्षाच्या बुंध्यात सापडतात. एकाच अर्बुदाच्या निरनिराळ्या भागांतून घेतलेल्या नमुन्यांवर केलेले अभ्यास याच निष्कर्षाकडे झुकतात. याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे. कडे सुविभेदित आणि गोळा अल्पविभेदित असला, तरी दोहोंत टीपी ५३ चा तोच बदल असू शकतो. मग अर्बुदा-अर्बुदांतील प्रतीचा जो भेद टीपी ५३ ने सांगितला, तो एकाच अर्बुदातील प्रतीचा पालट सांगू शकत नाही. पहिल्या तुलनेत बदलामुळे अर्बुदाची जात कळते. दुसऱ्या तुलनेत त्याच जातीच्या अर्बुदाची घसरण पाहावयाची असते, आणि तिचे स्पष्टीकरण अन्यत्र शोधावे लागते: उशिरा गळणाऱ्या बाहूंत, डीएनएवरील मेथिल-खुणांत, रक्तपुरवठ्याच्या पालटात. १३ क्यूचा ऱ्हास या दुसऱ्या गटात बसण्याचा संभव दिसतो. समकालीन बोलींची तुलना आणि एका बोलीचा इतिहास या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अल्पविभेदित अर्बुदांत अमुक बदल अधिक आढळतो या विधानावरून, अमुक बदलामुळे अर्बुद अल्पविभेदित होत जाते, हे विधान आपोआप निघत नाही. आणि तरीही अनेक लेखांत पहिल्या वाक्यानंतर लगेच दुसरे येते.

यकृताच्या बाबतीत या गोंधळाला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. सिऱ्होसिस असलेल्या रुग्णात हा कर्करोग पुष्कळदा सीटी किंवा एमआरआय चित्रावरूनच ओळखला जातो: रोहिणीतील रक्ताने गाठ प्रथम उजळते आणि नंतर सभोवतीच्या यकृतापेक्षा फिकी पडते. त्यामुळे सुईने तुकडा काढण्याची गरज सहसा पडत नाही. शिवाय रक्तस्रावाचा व सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा थोडा धोका असतो तो वेगळाच. परिणामी ज्यांची प्रत नक्की ठाऊक आहे अशी अर्बुदे बहुतांशी शस्त्रक्रियेने काढलेली, म्हणजे शस्त्रक्रियेस योग्य ठरलेल्या रुग्णांची असतात. वर उल्लेखिलेली ३४३ अर्बुदे अशीच होती. पसरलेल्या रोगातील अर्बुदे या हिशेबात अत्यल्प येतात, आणि अल्पविभेदित प्रकार तेथेच अधिक असावयाचा.

टोरांटोच्या अटीकडे या पार्श्वभूमीवर पाहता येते. सुईतून येणारा तुकडा दोरीसारखा बारीक असतो, आणि गाठीत गाठ असेल तर तो कड्यातून आला की गोळ्यातून, यावर प्रत अवलंबून राहते. काढलेल्या संपूर्ण यकृताची नंतर तपासणी केली असता सुईने सांगितलेली प्रत कित्येकदा बदलावी लागते. ही चूक दोन्ही दिशांनी महागात पडते: सुई कड्यात गेली तर रोग पुन्हा उलटण्याचा धोका असलेल्या माणसाला दुर्मिळ यकृत दिले जाते, आणि एखाद्या कोपऱ्यातील लहानसा अल्पविभेदित भाग सुईला लागला, तर उरलेल्या अर्बुदाची प्रत कशीही असो, दार बंद होते. बुंध्यातील बदलांचे तसे नाही. टीपी ५३ चा किंवा बीटा-कॅटेनिनचा बदल कड्यातून आलेल्या तुकड्यातही सापडेल आणि गोळ्यातून आलेल्या तुकड्यातही. तो अर्बुदाची जात सांगेल, आजची घसरण सांगणार नाही. प्रत आजची घसरण सांगेल, पण केवळ सुई जेथे पोहोचली तेथली. म्हणून एकाच तुकड्यातून दोन्ही वाचणे, आणि दोन्ही वाचने जुळली नाहीत तर सुई पुन्हा दुसऱ्या जागी घालण्याचा विचार करणे, हाच तूर्त उपलब्ध असलेला मार्ग होय.